पाखराचं पाऊल

सॅस्कटून,
८ एप्रिल १९९७

ती. मर्टलमावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. धुरावर वाळवलेल्या माशाचा वास कागदातून असा सुटला होता की पोस्टमनने नाक मुरडलं, म्हणून त्याच्यादेखतच मी एक तुकडा तोंडात टाकला. माझी शिवणखोली बेकरीच्या वर आहे. सकाळी पावाचा वास आणि दुपारनंतर तुझ्या माशाचा, असा माझा संसार चाललाय.

आता बातमी. एकवीस जूनला इथे कॅनडाभरच्या आपल्या आदिवासी लोकांच्या पोशाखांचा मोठा कार्यक्रम आहे आणि त्यात माझीही निवड झाली आहे. पाच पोशाख तयार आहेत. शेवटचा, आईच्या नावाचा, अजून पुरा व्हायचाय. गडद निळ्या लोकरीचा लांब कोट, पुढून अगदी साधा, आणि पाठभर मण्यांचं एकच फूल. आईने भूर्जाच्या सालीवर दातांनी चावून उमटवलेलं तेच, तिच्यामागे माझ्याकडे राहिलेलं एकुलतं एक. ते पाठीवर घेऊन कोट चालत जाईल तेव्हा आईच चालल्यासारखी वाटेल, असं मी तीन वर्षं मनात धरून बसले होते.

मावशी, रागावू नकोस. ती साल पुस्तकात राहूनही वाकली होती. मण्यांसाठी ती सरळ करावी म्हणून मी वर फडकं घालून तिच्यावरून इस्त्री फिरवली. साल दालचिनीसारखी गुंडाळली आणि हातात घेताच तिचा चुरा झाला. तो चुरा मी चहाच्या कपात भरून ठेवलाय. कपाकडे बघून दोन दिवस रडले, मग तू आठवलीस.

तू आणि आई एकाच पायरीवर बसून साली चावायचात. तिचं फूल तुझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. मला ते पुन्हा एकदा चावून दे. ते नसेल तर तो कोट नुसता कोट आहे, आणि मी तो दाखवणार नाही.

बाकी ठीक. कार्यक्रमवाल्या बाईंनी मोठ्या गोडीने सुचवलंय की फोटो निघणार आहेत, तर माझा पुढे आलेला सुळा सरळ करून घ्यावा. त्यांच्याच ओळखीच्या डॉक्टरकडे घासून, वर टोपण बसवून मिळेल. मला लाजच वाटते त्या दाताची, तेव्हा बहुधा करीन. होरेसकाकांना नमस्कार. फोन करत नाही, कारण दुकानातल्या फोनवर तू बोलतेस आणि अख्खी वस्ती ऐकते.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
नॅडीन


लून बे,
२१ एप्रिल

चि. नॅडीनला,
अ. उ. आ.

ज्या सालीने आपण जन्मभर चूल पेटवली ती तू इस्त्रीखाली घातलीस. तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं तर ते उठून बाहेर गेले आणि लाकडं फोडत बसले. ते हसत होते की रडत होते ते पाठमोरे असल्यामुळे कळलं नाही. शहरात राहून माणूस शहाणा होतो म्हणतात.

झालं ते झालं. पण बाळ, तू मागतेस ते सोपं नाही. चावलेलं फूल पुन्हा तसंच चावता येत नाही. साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ करायची, घडीवर घडी घालायची, सुळ्यांमध्ये धरायची आणि आत काय उमटतंय ते न बघता चावायची. उघडून उजेडाकडे धरलं की कळतं काय आलं ते. आम्ही तर बघून, हसून चुलीत टाकायचो. तुझी आई गेली तेव्हा माझ्या घरात तिची एकही साल नव्हती. कोणाला माहीत होतं जपायला हवं म्हणून.

तुझ्या आईच्या, एलायझाच्या फुलात एक खोड होती. प्रत्येक पाकळीच्या काठाला एक छोटीशी नखुली, नखाच्या टोकासारखी खूण, आणि तिच्यापाशी दोन ठिपके. पाखरू बर्फावरून चालत गेल्यावर उमटतं तसं पाऊल. ते मला कधीच जमलं नाही. आम्ही पोरी होतो तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले. कसं करतेस विचारलं की ती तोंडावर हात ठेवून हसायची आणि म्हणायची, झोपेत दिसतं. मला झोपेत मासे दिसायचे.

तरी मी बघते. अजून तळ्यावर बर्फ आहे. झाडात रस चढला की साल सुटेल, तेव्हा रीतीप्रमाणे बुंध्याशी तंबाखू ठेवून झाडाला विचारीन. तोवर वाट बघ आणि इस्त्रीपासून लांब राहा.

दाताचं तुझं तू बघ. देवाने तोंडात दिलेलं घासायला मी कशाला सांगू.

आशीर्वाद आहेतच, रागही थोडा आहे, दोन्ही ठेवून घे.

तुझी मावशी,
मर्टल


सॅस्कटून,
७ मे

ती. मर्टलमावशीस,
सा. न. वि. वि.

बर्फ गेलं का? रोज सकाळी खिडकी उघडते तेव्हा तुझं तळं दिसेल असं वाटतं, दिसतात समोरच्यांची वाळत घातलेली धुणी.

आईचं फूल मी आठवून काढून पाहिलं. किती कागद संपवले. पाकळ्या येतात, पाखराचं पाऊलही येतं, पण सगळं मिळून भिंतीला चिकटवायच्या कागदासारखं दिसतं. माझ्याकडे मणी ओवायला येणाऱ्या दोघी मुली सुंदर आहे म्हणाल्या, त्यावरूनच कळलं की नाही.

काल दुपारी कापडाच्या ढिगावर डोकं ठेवून झोपले आणि आई आली. टेबलापाशी बसून त्या निळ्या कोटाची किनार दुमडत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या. मी विचारलं, फूल कसं होतं सांग ना. तिने माझ्याकडे पाहिलं, पण टाचण्या होत्या ना तोंडात, बोलणार कशी. मग तिने कोट उजेडाकडे धरला, आणि लोकरीतून पलीकडचं तळं दिसत होतं. जागी झाले तर गालावर कापडाची वीण उमटलेली.

तेव्हापासून मी कोटापाशी हळू बोलते. मुली हसतात.

दाताच्या डॉक्टरची वेळ बारा जूनची मिळाली आहे. तुझं तू बघ म्हणालीस म्हणजे तुला आवडलेलं नाही, हे मला कळतं. पण मावशी, तुला चारचौघांत उभं राहून तोंड मिटून हसावं लागत नाही.

मी तुझ्या टपालाच्या वाटेवर डोळे लावून आहे. माझी आठवण काढत राहा, कडवट का असेना.

तुझी,
नॅडीन


लून बे,
२६ मे

चि. नॅडीनला,
आशीर्वाद.

मी होरेसकाका. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहेच, तेव्हा मुद्द्याचं तेवढं लिहितो.

साल सुटायला लागल्यापासून तुझी मावशी पायरीवर बसून चावते आहे. टोपली भरली. प्रत्येक उघडून उजेडाला धरते आणि खाली टाकते. मला सगळी छान दिसली, पण तसं म्हटलं की चिडते. सगळी फुलं तिचीच येतात, एलायझाचं येत नाही. शुक्रवारी इतक्या जोराने चावलं की वरचा सुळा निघून हातात आला. तो आधीच हलत होता, पण दोन वर्षं तिने तो जपला होता. तिचा चावायचा दात होता तो.

रडली. तुझ्या आईच्या मरणानंतर मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. दात गेला म्हणून नाही, तुझं काम राहिलं म्हणून. एलायझाला शेवटी शब्द दिलाय म्हणे, पोरीला काही कमी पडू देणार नाही.

तिने मला सांगितलंय की विचारलं तर लिही, मावशी माशांच्या कामात आहे. तेव्हा मावशी माशांच्या कामात आहे. मी हे लिहिलं ते तिला कळता कामा नये, नाहीतर मला जेवण मिळणार नाही. तसंही सध्या नुसता रस्साच मिळतोय.

तुझा काका,
होरेस


लून बे,
२८ मे

चि. नॅडीनला,
अ. उ. आ.

सोबत बिस्किटांच्या डब्यात साल पाठवते आहे. कोरी आहे. सध्या माशांचं फार काम आहे, मला चावायला फुरसत नाही. तेव्हा तूच चाव.

लगेच फोन करायला धावू नकोस. ऐक. पापुद्रा श्वासाने ऊबदार कर. अर्ध्यात दुमड, पुन्हा दुमड, मग कोपऱ्याकडून तिकोनी. सुळ्यांनी चावायचं, पुढच्या दातांनी नाही. डोळे मीट. चिडलेली असशील तेव्हा चावू नकोस, साल भोकं पाडून घेते. आणि मुख्य म्हणजे आईचं फूल चावायला जाऊ नकोस. मी तेच करत बसले आणि माझं कामही गेलं आणि फूलही. तुझं जे येईल ते येऊ दे.

लहानपणी तुला एकदा दिली होती साल. तू चघळून गिळलीस. आता तेवढं टाळ.

परवा मलाही एलायझा दिसली. तळ्याच्या पलीकडच्या काठावर उभी, हातात काहीतरी उन्हाकडे धरलेलं. मी ओरडून विचारलं, तुझ्या फुलाचं काय करू, पोरगी वाट बघते आहे. ती हसायला लागली. इतकी हसली की पाण्यावरून ऐकू आलं. आणि नवल म्हणजे तोंडावर हात ठेवला नाही. जिवंतपणी मी तिला हाताशिवाय हसताना पाहिलेलं नाही, लग्नाच्या फोटोतही तिचा हात तोंडावरच आहे. मला काही अर्थ लागला नाही. काका म्हणाले, उपाशीपोटी झोपल्यावर असंच दिसतं.

जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो नीट सांभाळ.

तुझी मावशी,
मर्टल


सॅस्कटून,
५ जून

ती. मर्टलमावशीस,
सा. न. वि. वि.

माशांचं काम कसं चाललंय? त्या कामात रस्साच खावा लागतो असं ऐकते. कोणाकडून ते विचारू नकोस आणि काकांना जेवायला दे. मावशी, माझ्यासाठी तू दात घालवलास. भेटल्यावर गळ्यात पडेन.

आता नीट बसून वाच. डबा आला तेव्हा मी चिडलेलीच होते, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खाली पाव भाजत होते, खोली उबदार होती. डोळे मिटून चावलं. पहिली साल फाटली. दुसरीत काय आलं देव जाणे, कोळ्याच्या जाळ्यावर कोणी पाय दिल्यासारखं. मग मी आईचा विचार सोडला, फुलाचाही सोडला. नुसतं तळं आठवत राहिले, पहाटेचं, अजून कोणी होडी न घातलेलं.

ती साल उघडून खिडकीशी धरली. फूल आईचं नव्हतं. पाकळ्या लांबट, थोड्या वेड्यावाकड्या, माझ्यासारख्या. पण मावशी, प्रत्येक पाकळीच्या काठाला नखुली होती आणि तिच्यापाशी दोन ठिपके. मी पुढची चावली, तीतही पाऊल. त्यापुढचीतही. मी काही करत नव्हते, ते आपोआप येत होतं.

मग मी आरशापुढे जाऊन तोंड उघडलं. माझा सुळा पुढे आलाय आणि शेजारच्या दातावर चढलाय. तो एकटा चावतच नाही, दोघे मिळून चावतात. आईचा अगदी तसाच होता, म्हणून तर ती तोंडावर हात धरायची. ती कलाकुसर नव्हती. तो दात होता. ती तळ्याकाठी का हसत होती ते मला कळलंय, आणि तुला लिहिताना मीही हसते आहे आणि कागद ओला होतोय.

डॉक्टरला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. कार्यक्रमवाल्या बाई नाराज आहेत. कोटाचं काम सुरू आहे, आम्ही तिघी सकाळपासून मणी ओवतो. तू आणि काका एकवीसला यायचं. पुढच्या रांगेत खुर्च्या धरून ठेवल्या आहेत. तोंडातल्या खिंडीचं निमित्त सांगितलंस तर मी ऐकणार नाही.

तुझ्या मायेच्या जोरावर उभी असलेली,
नॅडीन


लून बे,
२६ जून

चि. नॅडीनला,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. काका बसमध्ये पूर्ण रस्ता झोपले आणि आता वस्तीत सांगत सुटले आहेत की त्यांनी कोटाचा मणी न मणी पाहिला.

तिथे गर्दीत मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. कोट पाठमोरा झाला तेव्हा सगळे फुलाकडे बघत होते. मीही पाहिलं. पाऊल जिथल्या तिथे होतं. जन्मभर ज्याच्यासाठी जळले तो एक वाकडा दात निघाला, हे कळल्यावर माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. पण खरं सांगू, माझं लक्ष लागलं ते शेवटी. सगळे पोशाख झाले, टाळ्या झाल्या, आणि तू बाहेर आलीस आणि हसलीस. तोंड उघडून, हात खाली. काकांनी मला विचारलं, का रडतेस. मी म्हटलं, एलायझा हसली.

दवाखान्यात नवा दात बसवू म्हणतात. मी थांबा म्हटलं. काल पायरीवर बसून गंमत म्हणून एक साल चावून पाहिली. जिथे दात नाही तिथे प्रत्येक पाकळीत कोरी जागा राहिली आहे, खिडकीसारखी, आणि उजेडाकडे धरली की तेवढ्यातून जास्त ऊन येतं. असलं फूल माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सोबत पाठवते आहे. पुढच्या कोटावर घाल.

पोचल्याचं कळव, आणि माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, पण या सालीला इस्त्री करू नकोस.

तुझी मावशी,
मर्टल