मगभर जास्त पाणी

विक्रोळी, ९ जानेवारी २०२५

ति. आजीस,
दिशाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-हो करते म्हणून तुझ्या जेवणाच्या डब्यातून पत्रंच पाठवायची, हा तुझा हट्ट मान्य.

आमच्या नव्या काँक्रीट मिक्सरच्या चाचण्या बिघडल्यात. पाणी मोजून देतो, तरी सात दिवसांनी दाबून बघितले की काँक्रीटचे ठोकळे लवकर फुटतात. काल कळलं, माल भरणाऱ्या रतनबाई गुपचूप मगभर पाणी जास्त ओततात, त्यानेच काँक्रीट कच्चं राहतं. साहेब म्हणाले, सोमवारी तिचं नाव लिहून दे, तिला काढू, चाचणी पुन्हा घेऊ. डिझाइन माझं आहे गं. पास झालं तर मी नोकरीत कायम. नाव देऊ ना?

तुझी लाडकी,
दिशा

घाटकोपर, ११ जानेवारी

चि. दिशीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. शेजारची नीला लिहितेय. तिला म्हटलं, सोपं लिही, वाचणारी इंजिनीअर आहे.

पाणी कोणी ओतलं ते शोधलंस, का ओतलं ते नाही. मुलुंडला मी बारा वर्षं मिक्सरवर होते. घट्ट माल आतल्या पात्यांना धरून बसायचा. ड्रम उलटा केला तरी अर्धा आतच. मग बाईने कमरेपर्यंत आत वाकून फावड्याने ओरबाडायचा, आणि बाहेरून मुकादम बोंबलणार, स्लॅब थांबला म्हणून. मगभर पाणी टाकलं की सगळा सुळकन खाली.

मीही टाकलंय, पोरी. तिथल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यात माझे किती मग आहेत, मलाच ठाऊक. लोक राहतात तिथे. हे तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. नीलाचं पेन थांबलं, म्हटलं, लिही.

नाव देण्याआधी एक दिवस फावडं तू घे. डिग्री घरी ठेव, ओझं नको.

माया आहेच, ती काय पत्रात मागायची?
तुझी आजी

विक्रोळी, १४ जानेवारी

ति. आजीस,
सप्रेम जय भीम.

काल माल मी भरला. रतनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अकराव्या खेपेला हात वर होईनात, माल सुटेना, आणि मी पाण्याचा मग उचलला. ओतला नाही. पण उचलला.

रिपोर्टात लिहिलं की पाती चुकीच्या कोनात बसवलीत, माल सुटत नाही, म्हणून माणूस पाणी घालतो, चूक डिझाइनची. साहेब चिडले. मशीन सहा महिने पुढे गेलं, माझी कायम नोकरीही. रतनबाई मात्र आहेत.

लोभ ठेव, रागावू नकोस.
दिशा

घाटकोपर, १६ जानेवारी

चि. दिशीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? रात्री जेवण गेलं नाही.

आमचा मिक्सर कोणी बनवला, तो माणूस आम्हाला कधी दिसलाच नाही. नाहीतर चार शब्द ऐकवले असते. रतनला तू रोज दिसतेस. पाती कशी हवीत ते तिला विचार, आणि ती बोलेल ते मुकाट ऐकून घे. गोड नसेल.

तुझी आजी