सामायिक भिंत

११ मार्च

आले एकदाची. टेम्पोत दोन कपाटं, शिवणयंत्र, खारूच्या पुस्तकांची खोकी, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर कुंडी घेऊन मी. ताई फाटकातच उभी होती. तिने आधी कुंडी हातात घेतली, मग मला जवळ घेतलं. तिचं हे असंच, आधी काम, मग लाड.

घर पाहावं बांधून म्हणतात. मी ते उतारवयात पाहणार. आजवर भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले; भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाचं तोंड बघायला लागायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळून जे काही साठलं ते सगळं आता या घरात घालणार आहे. घर माझं आणि खारूचं. खारू म्हणजे माझी लेक. लहानपणी दाणे गालात साठवून ठेवायची म्हणून खारू. परगावी वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीत घरी ये म्हणताना माझी मलाच लाज वाटायची, कारण घर म्हणजे एक खोली आणि मोरी.

ताईचं घर मातीचं आहे, उंच डोंगरावरच्या थंड गावात, हातभर जाडीच्या भिंतींचं. उन्हावर दिवे, छपराचं पाणी टाकीत, सांडपाणी केळींना. बाहेर बोचरा वारा होता, पण आत शेगडी नाही, हीटर नाही, तरी बरं वाटत होतं. पूर्वी याहून छान ऊब असायची, हल्ली पश्चिमेची भिंत थकलीये, असं ताई म्हणाली. भिंत थकते होय, असं म्हणून मी हसले.

योजना अशी: ती पश्चिमेची भिंत पाडायची आणि तिथे नवी, आणखी जाड भिंत घालून तिच्या पलीकडे माझं घर काढायचं. भिंत दोघींत सामायिक. माती कमी लागते, ऊब वाया जात नाही. कल्पना ताईचीच. भावजी जाऊन दोन वर्षं झाली, तिलाही सोबत होईल. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून ताईनेच मला कडेवर वागवलंय, त्यामुळे ती सांगेल तिथे सही करायची मला सवयच आहे.

२ एप्रिल

पायांचे तुकडे पडलेत, पण मजा येतेय.

गवंड्याचं म्हणणं होतं की चिखल कालवायला मिक्सर आणू, दोन दिवसांत काम होईल. ताईने साफ नाही म्हटलं. डिझेल जाळून पर्यावरणाचं घर बांधायचं म्हणजे उपवासाच्या दिवशी चोरून जेवण्यातला प्रकार, असं तिने त्याला सुनावलं. मग पायांनीच. खड्ड्यात माती, वाळू, चिरलेला पेंढा, पाणी, आणि वरून माणूस. टाचेने दाबायचं, वळायचं, परत दाबायचं. गोळा हातात घेऊन सोडला आणि फुटला नाही की चिखल तयार.

बाकीच्या भिंतींचा चिखल गवंड्याच्या माणसांनी तुडवला. सामायिक भिंतीच्या खड्ड्यात मात्र ताईने त्यांना पाय घालू दिला नाही. ती भिंत घरच्या माणसाच्याच पायांची हवी, म्हणाली. तिचा गुडघा दुखतो, म्हणजे घरचं माणूस कोण, तर मी. ती स्टुलावर बसून चहा पीत हुकूम सोडते, इकडे राहिलं, तिकडे राहिलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी म्हटलं तर तिने पेंढ्याची मूठ माझ्या डोक्यावर टाकली. चिखल पहिल्यांदा थंडगार लागतो, आणि थोड्या वेळाने पोटरीपर्यंत कोमट होतो. पाय बाहेर काढावासा वाटत नाही.

३० मे

भिंती छपराला लागल्या. माती नीट वाळेपर्यंत गिलावा करायचा नाही म्हणून सध्या सक्तीची विश्रांती. मी ताईकडेच राहते. तिच्या हातचं खाऊन माझं वजन वाढलंय आणि ब्लाऊज उसवायला काढलेत.

१४ सप्टेंबर

आज माझ्या घरात राहायला आले. माझ्या घरात. हे दोन शब्द मी सकाळपासून उगीचच कुठेकुठे घुसडतेय. दूधवाल्यालाही म्हटलं, उद्यापासून माझ्या घरात टाक.

दोन खोल्या, वर माळा. चुन्याचा गिलावा अंड्याच्या टरफलासारखा दिसतो. खिडक्या पाडलेल्या एका शाळेच्या, जुन्या लाकडाच्या. पलंग सामायिक भिंतीला लावलाय. प्रयोगशाळेतला माझा थर्मामीटर खिळ्याला टांगला (खिळा कोणालाही न विचारता ठोकला). बाहेर गारठा पडायला लागलाय, आत चोवीस अंश, तेही काही न पेटवता. खारूला फोटो पाठवले. हिवाळ्याच्या सुट्टीला येते म्हणाली, आणि माळा तिचा हेही ठरवून टाकलं.

१२ ऑक्टोबर

घर बघायला माणसं येतात. ताई मिरवते, मी चहा करते. सगळे भिंतीला हात लावून म्हणतात, अहो, ही तर जिवंत वाटते.

मला मात्र थंडी वाजते. लोक घामाघूम होऊन स्वेटर काढतात आणि मी घालते. शेजारीण हसली, म्हणाली, तुम्ही अगदी तुमच्या भावजींवर गेलात. तेही म्हणे इतक्या उबदार घरात कानटोपी घालून बसायचे. मला आठवलं. मीसुद्धा हसले होते तेव्हा त्यांना.

ताईने शाल टाकली. गुडघाही दुखत नाही म्हणते. गालांवर लाली आलीये, दहा वर्षांनी लहान दिसते. तिचं चांगलं चाललंय हे बघून मला खरंच बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर

वजन उतरलं. उसवलेले ब्लाऊज परत आत घेतले, तरी खांद्यावरून घसरतात. डॉक्टर म्हणाला रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या.

खिळ्यावरचा थर्मामीटर धुऊन जिभेखाली धरला तर पारा जेमतेम चौतीस अंशांवर, हवा सदतीसला. बिघडला असेल म्हणून ताईच्या तोंडात दिला. तिचा बरोबर आला. परत माझ्या तोंडात. चौतीस. ताई म्हणाली, जुनं यंत्र आहे, टाकून दे. तिने माझ्याकडे बघितलं नाही, भाजीच निवडत राहिली.

४ नोव्हेंबर

पलंगामागच्या भिंतीला ओल आलीये. पाऊस नाही, नळ नाही, ओल कुठून येणार? डाग एकाच मापाचे आहेत, रांगेने वर चढत गेलेले.

६ नोव्हेंबर

डाग नाहीत. पावलं आहेत.

टाच, चवडा, पाच बोटं. उजव्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. माझी वाकलीये तशी. मी पाय उचलून भिंतीला लावून बघितला. तंतोतंत बसला. आणि भिंतीने — कसं लिहू — चिखलात पाय रुतल्यावर खालून ओढ लागते ना, तशी ओढ लागली. पाय काढला तर तळवा पांढराफटक.

पलंग समोरच्या भिंतीला लावला.

११ नोव्हेंबर

ताई बाजारात गेली तेव्हा तिच्या घरात गेले. सामायिक भिंत तिच्या बाजूने तव्यासारखी गरम आहे. तिने पलंग अगदी टेकवून ठेवलाय.

मग स्वयंपाकघरातली जुनी भिंत बघितली, जिच्यापुढे कायम कपाट असतं. कपाट सरकवलं. तिथेही पावलं आहेत. मोठी, पुरुषाची, सुकून तडकलेली. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. भावजींचा पाय. चप्पल घालताना त्यांना त्या बोटाचा त्रास व्हायचा, मी कितीदा बघितलंय.

कपाट जागेवर लावलं. पण ते लावायलाही आता दम लागतो मला.

१२ नोव्हेंबर

ताईला विचारलं. भर दुपारी, ओसरीवर, ती मटार सोलत असताना. मला वाटलं होतं ती वेड्यात काढेल. तेवढी तरी दया तिने करायला हवी होती.

तिने सगळं सांगितलं, आणि तेही मटार सोलता सोलता. माती ज्याने तुडवली त्याचीच ऊब भिंत खाते. तिच्या घराचा चिखल भावजींनी एकट्याने तुडवला, कारण तेव्हा ती आजारी होती. ते का झिजले हे तिला कळलं नव्हतं. ते गेले त्याच दिवशी सगळ्या भिंती गार पडल्या, तेव्हा कळलं. म्हणाली, त्यांचं मला माहीत नव्हतं. तुझं माहीत होतं, तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

मी विचारलं, मीच का? तर म्हणाली, परक्याला असं कसं करायचं?

आईमागे मी तुला वाढवलं, माझं पांघरूण तुझ्यावर घालून कुडकुडत निजले, असंही म्हणाली. तिची सगळी माया मला आठवली आणि त्या मायेचीच किळस आली. केसाने गळा कापला माझ्या ताईने. परक्याने कापला असता तर निदान ओरडले असते.

पुढे म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, यावर उपाय आहे. खारूसाठी एक खोली वाढवू. आपल्या सामायिक भिंतीतली टोपलीभर माती नव्या चिखलात घालायची आणि तो खारूने तुडवायचा, म्हणजे भार दोघींत वाटला जाईल. तू सावरशील. तरुण पोर आहे, तिला जाणवणारही नाही.

मी मटारचं पातेलं भिरकावून दिलं. ती खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली.

१४ नोव्हेंबर

पळाले. स्टँडपर्यंत पोचले. तिथे पाय लाकूड झाले, दातखीळ बसली, बाकावर आडवी झाले. भिंतीपासून लांब गेलं की उरलीसुरली ऊबही तुटते. लोकांनीच रिक्षात घालून परत आणलं. ताईने त्यांचे आभार मानले, त्यांना चहा दिला.

१७ नोव्हेंबर

कुदळ घेऊन भिंतीवर घाव घातला. एकच. भिंतीचा टवका उडाला आणि माझी टाच उभी फाटली. रक्त आलं नाही. आत कोरडंच —

ताईने टाचेला हळद लावली. फुंकर घालत होती.

२१ नोव्हेंबर

खारूला फोन केला. आवाज फुटत नाही, नुसती हवा. मग मेसेज टाकला. येऊ नकोस, मावशीचं ऐकू नकोस, चिखलात पाय घालू नकोस. तिचं उत्तर आलं की आई, ताप उतरला की बोलू, तू झोप. मावशीने सांगितलंय म्हणे, आई तापात काहीबाही बरळते, मनावर घेऊ नकोस.

मी लिहिण्याआधीच तिने सांगून ठेवलं होतं.

नंतर ताई माझ्याच फोनवर तिच्याशी बोलत बसली. हसत होती. म्हणाली, अगं, माय मरो आणि मावशी उरो म्हणतात ते उगीच नाही, ये तू, मी आहे. फोन आता तिच्याकडेच असतो.

२७ नोव्हेंबर

खिडकीसमोर खड्डा खणलाय. गवंडी आला होता. मी काचेवर बोटं आपटली. त्याने हात हलवला आणि कामाला लागला.

ताई आत आली, सामायिक भिंत खरवडून टोपलीभर माती नेली. खरवडताना मला पोटऱ्यांत — सगळीकडे — नको.

पलंग परत तिने त्याच भिंतीला लावलाय. मला उठवत नाही.

१ डिसेंबर

आली. मांडीवर डोकं ठेवून रडली, आई तू किती वाळलीस म्हणाली. तिचा गाल किती गरम आहे. मी ओठ हलवले. तिने कान लावला. मी म्हटलं, जा. तिला वाटलं मी पाणी मागितलं — नाही, वाटलं की मला पडायचंय म्हणून तिला बाहेर जा म्हणते. गेली.

मावशी तिला हाक मारतेय. ये ग, मजा येते, तुझ्या आईनेही तुडवला होता.

वही उशीखालून काढली, लिहिते. पेन धरवतं, एवढंच.

खिडकीतून दिसतं. बूट काढलेत. मोजे काढतेय. खारू — खारू नको — काचेवर पेला फेकला तर ऐकेल. पेला हाताशी आहे. उचलते.

ती हसली. थंड आहे म्हणाली. एक पाय —

पेला हातात आहे. फेकते —

माझे पाय. पायांना काहीतरी — मुंग्या. तळव्यांना ऊब लागतेय. इतक्या दिवसांनी. पोटरीपर्यंत आली. नको आहे मला, ही तिची आहे, खारूची — पण किती बरं — गुडघा वाकतोय माझा. बोटं हलतात. अक्षर बघ किती सरळ आलं —

आवाज येईल आता. येतोय. ओरडते, लगेच ओरडते, फक्त हात जरा शेकून झाले की मी