सही न केलेला कागद

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळालं. चार दिवस शिलाई यंत्राच्या खणात ठेवून दिलं होतं, आज पुन्हा काढून वाचलं. ठकूला जाऊन परवा दीड महिना झाला. दुकान उघडतो, पण चित्त थाऱ्यावर नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ठकू असती तर तुझ्या या बहिणीने आठवडाभर आपल्या बाबाला ‘डावखुरे मास्तर’ म्हणून हैराण केलं असतं. तुझी आई बरी आहे, म्हणजे जेवते. दिवसातून दहादा दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडते. मी ऐकून घेतो.

वॉर्डातले तिचे शेवटचे दिवस तू पाहिले नाहीस. नव्या गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले होते. मी दुकानातून तसाच गेलो होतो, गळ्यात टेप. चार महिने कुणाला अंगाला हात लावू न देणारी पोर आपणहून उभी राहिली, म्हणाली, बाबा, हा कुडता फार ढगळ होतो, माप घ्या. गुदगुल्या होतात म्हणून हसलीसुद्धा. दादा, मला आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टरीणबाईंना सांगायला धावलो, तर त्या काही खूश होईनात. म्हणाल्या, अंगात बळ आधी येतं, मन मागाहून सावरतं. हेच दिवस धोक्याचे, जपायचे, अजून दोन आठवडे इथेच राहू द्या. मला रागच आला. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतोय, माझीच पोर मला कळत नाही का?

घरी तीन दिवस छान होती. चौथ्या दुपारी आई जरा आडवी झाली होती, मी खाली दुकानात काजं करत होतो. वर पोरीने जीव दिला आणि मी खाली गाणं गुणगुणत होतो.

पाकिटातल्या तक्रारीत तू लिहिलंयस की दवाखान्याने तिला घाईने घरी धाडलं. फोनवर तुला तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्यांनी सोडलं नाही, मी आणलं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, असं लिहून सही केली. पेन ठकूनेच हातात दिलं. म्हणून तुझा कागद सही न करता परत पाठवतोय. सही केली त्या दिवशी आई घरी होती, तिला यातलं काही ठाऊक नाही. रोज तोंड उघडतो आणि मिटतो. तिला आता सांगू, की तू येईपर्यंत थांबू, एवढं तरी कळव.

तरीही तुझाच,
बाबा