थवा वळेपर्यंत

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटली आणि तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नापाशी मी अजून अडकून बसले आहे. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला. प्रश्नाखाली उत्तर लिहायची हाताला इतकी सवय लागली आहे की कोरी जागा दिसली की मला चैन पडत नाही. तुमच्या प्रश्नाखाली मात्र कोरंच आहे. "मी आंधी वरडलो असतो त थो वाचला असता का?" एवढंच विचारलं होतं तुम्ही. 'हो' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं, तिसरं काही नाही. पण दोन्हीकडून पाहते तर डोकं भणभणतं, आणि मग तुमचाच राग येतो. अशी गोष्ट कोणी लेकीला विचारतं का हो?

हिवरखेडच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही चुलीच्या अंगाला बसायचे, पाट न घेता, भिंतीला पाठ लावून. आई भाकर थापते आहे, तुमच्या ताटात ठेचा आणि कच्चं तेल, आणि तुम्ही लढाईच्या गोष्टी सांगून राहिले. जन्मात समुद्र न पाहिलेला वऱ्हाडातला पोट्टा घरातून पळून मुंबईला गेला, आरमारात भरती झाला, पहिल्याच फेरीत पोटातलं सगळं ओकला, पोहता येत नाही म्हणून अख्ख्या बोटीने त्याची टर उडवली, हे तुम्ही असं रंगवून सांगायचे की आईची भाकर करपायची. त्यात तो रत्नागिरीकडचा तुमचा मित्र असायचाच. तुमच्या 'करून राहिलो, खाऊन राहिलो'ला तो पोट धरून हसायचा, आणि जेवताना तुम्हाला माशाचे काटे काढून द्यायचा. त्याची नेमणूक तोफेवर होती. तुमची कुठे करावी हे साहेबाला कळेना. गावी काय काम करत होतास, असं त्याने विचारलं तर तुम्ही म्हणालात, ज्वारीच्या वावरात माळ्यावर बसून पाखरं हाकलत होतो. मग काय, चढवलं त्याने तुम्हाला डोलकाठीवरच्या पहाऱ्यावर. इथवर गोष्ट धडधडत यायची. मग सिलोनचं बंदर यायचं, रविवारची सकाळ यायची, बंदरात उभ्या असलेल्या बोटी यायच्या. "आन् मंग जपान्याइचे इमानं आले," एवढं म्हणून तुम्ही लोटा तोंडाला लावायचे. "मंग?" आम्ही दोघं भावंडं पुढे सरकायचो. "मंग काय? बोटी जयल्या. ऊठ, हात धू." दर वेळी तिथेच. भावाला वाटायचं तुम्ही एखादं विमान पाडलं असेल आणि लाजून सांगत नसाल. मला वाटायचं तुम्ही घाबरून कुठेतरी लपला असाल. दोघांचंही चुकलं होतं.

तेव्हा आपल्याकडे ज्वारी होती. थंडीत भोरड्या यायच्या, त्या काळ्यागुलाबी पाखरांचे एवढाले थवे, आणि वावरात उतरल्या की घडीभरात कणसं रिकामी. चार खांबांवरच्या माळ्यावर गोफण घेऊन बसायचं काम माझं. आता ज्वारी राखायची एक रीत असते, आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली. थवा उंचावरून चालला असेल तर त्याच्याकडे पाहायचं आणि गप्प बसायचं. तो आपला नसतो, निघून जातो. आधीच ओरडलं तर बिचकतो आणि जवळच कुठेतरी उतरतो, आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या वावरात. वळला, खाली झुकला, की मगच हाळी द्यायची. शेजारच्या वावरातल्या काकाने मला हेच शिकवलं. आणि तुम्ही? तुम्ही बरोबर उलटं शिकवत होते! आभाळात ठिपका दिसला की ओरड. बगळ्यांची रांग असो, घार असो, ओरड. माझा घसा कायम बसलेला, शाळेत कविता म्हणायला उभी राहिले की मुली फिदीफिदी हसायच्या. काका दोन वावरांमधल्या धुऱ्यावर येऊन भांडायचा, "काहून हो भाऊ, तुमच्या पोट्टीच्या बोंबलन्यानं सारे पाखरं माह्या वावरात येऊन राह्यले! तुमाले काई समजते का नाई?" तुम्ही माझ्याकडे वर पाहून म्हणायचे, "तू वरड."

एक दिवस मी नाही ओरडले. थवा मला लांबूनच दिसला होता, उंच होता, वळायचं काही लक्षण नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. आणि गेला तो, एक दाणा न खाता. तुम्ही विहिरीवरून धावत आलात, पायात वहाण नाही, ढेकळांतून ठेचकाळत. "तुले दिसला होता का नाई?" दिसला होता, मी म्हटलं. "मंग चूप काहून बसली?" "बाबा, वर होता थो. गेला ना निंगून." तुम्ही मला हाताला धरून माळ्यावरून उतरवलं आणि हात उगारलात. मारलं नाही. उगारलेला हात खाली घेतलात आणि धुऱ्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसलात. मी तुमची लाडकी, दाणाही गेलेला नाही, मग झालं तरी काय? असा संताप आला होता मला! घरी आईला विचारलं तर ती म्हणाली, "लढाईतून आलेला मानूस हाये बाई, त्याच्या नादी लागू नये." आणि भाकर उलटायला लागली.

मग ज्वारी कमी होत गेली, माळे गेले, जिकडे पाहावं तिकडे कापूस आणि सोयाबीन झालं, आणि ती वाईट वर्षं आली. आई गेलेली, मी नोकरीपायी अमरावतीत, वावर भाऊ पाहत होता. त्या वर्षांत सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, आज कोणत्या गावच्या पोराने औषध घेतलं, कोणाच्या घरचा कर्ता गेला. तुम्ही ऐंशीला टेकलेले, आणि तुम्हाला नवीनच खूळ लागलं. कोणी एक-दोन दिवस पारावर दिसला नाही, कोणी जेवताना गप्प बसतो असं कानावर आलं, की तुम्ही काठी टेकत त्याच्या दारात हजर. "काय करून राह्यला रे? बाहीर ये. तोंड दाखव." लोक आधी हसले, मग कंटाळले. एका बाईने तर तुम्हाला सरळ सुनावलं की बाबाजी, आमच्या दारात येऊन असं वंगाळ नका बोलत जाऊ. भाऊ मला फोन करायचा, "ताई, यायले घेऊन जाय बरं अमरावतीले. गावात मले तोंड दाखवाची सोय ठेवली नाई यायनं." भावाचा आवाज तेव्हा कसा होता ते मी आठवायचा प्रयत्न करते. थकलेला होता का? का नुसता वैतागलेला? नाही आठवत.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, विमानातून ढगांवर काहीतरी फवारून पाऊस पाडायचं ठरलं. मी गावी आलेली. दुपारी विमान येणार असं कोणीतरी सांगितलं आणि अख्खं हिवरखेड गच्च्यांवर, टिनांवर चढलं. बाया तव्यावरची पोळी टाकून आल्या. "आलं! आलं ना बाप्पा!" सगळ्यांच्या माना वर. मला तुमची धास्ती, विमानाच्या आवाजाने यांना काही होतं की काय, म्हणून मी तुमचा दंड घट्ट धरून उभी. आणि तुम्ही विमानाकडे पाहतच नव्हता. गच्च्यांवरची माणसं एकेक करून न्याहाळत होता. "तुहा भाऊ कोठी हाये?" असेल इथेच कुठेतरी, मी म्हटलं, माझं लक्ष आभाळात. पुढचं मला नीट कळलंच नाही. तुम्ही काठी तिथेच टाकून जिना उतरलात आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन असे ओरडलात की खालची कुत्रीसुद्धा गप्प झाली. दाराला आतून कडी. भाऊ ओ देत नव्हता. शेजारचा काका धावत आला, तोही आता म्हातारा. "पहार आन, पहार!" तुम्ही त्याच्यावर खेकसलात. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून कडी उखडली.

भाऊ आत सतरंजीवर होता, भिंतीकडे तोंड करून. उठून बसला आणि भडकला. "मेलो नाई मी! झोपलो होतो. मानसाले झोपू बी देत नाई का?" डोळे लाल, पण झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे लालच असतात. मी हसायला लागले, मग रडायला लागले, वहिनीने मला पाणी दिलं. फवारणीच्या औषधाचा डबा त्या खोलीत नेहमी वरच्या फळीवर असायचा. त्या दिवशी तो खाली होता, भावाच्या उशाजवळ. आता शेतकऱ्याच्या घरात डबा कुठेही पडलेला असतो, त्यात काय एवढं? वहिनी म्हणाली, फळी पुसताना मीच खाली ठेवला असंन. असंन म्हणाली. काकाने डबा उचलला आणि आपल्या घरी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी पाऊस काही आला नाही. तुम्ही अंगणात बाजेवर बसून मला जवळ बोलावलंत, आणि लहानपणापासून जिथे अडत होती तिथून ती गोष्ट पुढे सांगितली. "थे इमानं मले सगळ्याइच्या आंधी दिसले होते. लय वर होते, भोरड्याइवानी. मले वाटलं, वर हायेत, जातीन निंगून. वळले म्हंजे वरडू. सवयच होती न मले तशी." आणि ती वळली. तुम्ही ओरडलात, पण तोवर ती खाली झुकलीसुद्धा होती. बिडी पेटवायला लागतो तेवढाच वेळ मी चूप होतो, असं तुम्ही म्हणालात. तुमचा मित्र तोफेवरचं कापड ओढायला धावला, ते अर्धंच निघालं होतं. तुम्हाला कोणीतरी पाण्यातून ओढून काढलं. तो सापडला नाही. हे सगळं तुम्ही गुरांचा भाव सांगावा तसं सांगितलंत, आणि मग माझ्याकडे वळून तो प्रश्न विचारलात. "तू शिकेल हायेस. सांग."

मी पडले मास्तरीण. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पोरसवदा होता, तुमचा काय दोष? तुम्ही असे चिडलात! "दोष कोनं इचारला तुले? मले समजावू नोको. वाचला असता का नाई, थे सांग." तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात, मग "जाय, सैपाक पाहाय" म्हणालात. पुढे तो विषय निघाला नाही. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि गावातली ज्यांच्या दारात जाऊन तुम्ही ओरडायचे ती सगळी माणसं खांदा द्यायला आली.

नंतर मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. एकात लिहिलं आहे की त्या सकाळी किनाऱ्यावरच्या यंत्रांनाही विमानं वेळेवर कळली नव्हती. म्हणजे सगळेच गाफील होते. वाचून मला आधी हायसं वाटलं. वाटलं, धावत जाऊन तुम्हाला सांगावं की तुम्ही कितीही लवकर ओरडला असता तरी काही झालं नसतं. आणि मग वाटलं, असं कसं सांगू? आधी ओरडून काही होत नसेल तर माझा बसलेला घसा, काकाची भांडणं, लोकांच्या दारातले तुमचे हेलपाटे, हे सगळं कशासाठी होतं? आणि आधी ओरडून माणूस वाचत असेल, तर मग तुमचा मित्र तुमच्या गप्प बसण्याने गेला. मला दोन्ही नको आहे. मी काय करू?

काल भाऊ आला होता, नातीच्या बारशाचं बोलावणं घेऊन. ढेरी सुटली आहे, गुडघे दुखतात, माझ्या हातचं पिठलं दोनदा मागून खाल्लं आणि वर मीठ जास्त झालं म्हणून मलाच नावं ठेवली. त्याच्याकडे पाहता पाहता माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की त्या दिवशी तू खरंच झोपला होतास का रे? त्याचं एक उत्तर मिळालं की तुमचंही मिळेल, असं मला कधी कधी वाटतं. झोपला नव्हता म्हणाला, तर वेळेवरच्या ओरडण्याने माणूस वाचतो हे सिद्ध झालं, आणि मग त्या रत्नागिरीकडच्या पोराचा हिशोब तुमच्याच माथ्यावर राहिला. झोपला होता म्हणाला, तर तुम्ही सुटलात असंही नाही. इतिहास शिकवताना मी पोरांना इतकी सोपी गाठ मारू दिली नसती. तो समुद्र होता, ही मागची खोली. पण तुमच्या बाबतीत माझं डोकं इतिहासाच्या बाईसारखं चालत नाही.

नाही विचारलं मी. त्याला बसस्टँडवर सोडून आले आणि हे लिहायला घेतलं. हे पोस्टात थोडंच टाकायचं आहे. तुम्ही असता तर पुन्हा चिडला असता, समजावू नोको म्हणाला असता. म्हणून समजावत नाही. उत्तर देत नाही. फक्त मनात आहे ते सांगते, रागवू नका. बाबा, भाऊ त्या दिवशी नुसता झोपलेला असावा असं मला जिवापासून वाटतं. तुम्ही उगाच ओरडला असाल, उगाच दार फोडलं असेल, आणि गाव तुम्हाला वेडं म्हणत होतं ते खरंच असेल, तर मला ते चालेल.