न मागितलेली द्राक्षवेल

प्रिय सुफ्यानदादा,

तू अम्मानला खासदार होतास, तेव्हा मागणं घेऊन आलेला माणूस रिवाजाप्रमाणे, ते मान्य होईपर्यंत कॉफी न पिता पेला खाली ठेवायचा. तू हसून म्हणायचास, “पी रे, झालं समज.” आपल्या शहराचा महापौर झालास आणि पेल्यांतली कॉफी तशीच निवू लागली; इथे दिलेला शब्द पाळला की नाही, हे लोकांना रोज दिसतं.

तुझ्या नव्या रस्त्यात माझी द्राक्षवेल जाते. काल तेच सांगायला आले होते. तू थकल्या आवाजात म्हणालास, “तू तरी नुसती भेटायला आलीस ना?”

“मग काय, महापौरांकडे यायला मुहूर्त लागतो?” म्हणत मी कॉफी पिऊन टाकली. ही माया होती की भित्रेपणा, कळत नाही.

आता वेलीखाली बसलेय. पानांतलं ऊन अंगावर हलतंय. हे पत्र पाठवणं म्हणजे काल पिऊन टाकलेला तो पेला आज भरलेलाच खाली ठेवणं.

तुझीच,
रुवैदा