नुसतं ‘पाणी’

प्रिय सरू,

ही चिठ्ठी बसमध्ये तुझ्या डब्याच्या पिशवीत सरकवणार आहे. कारखान्यात तू आता आमची सुपरवायझर. चार बायकांसमोर बोलले तर तुझी पंचाईत होते. घरी आले तर तू चहा ठेवतेस आणि विषय बदलतेस. तीन नंबरच्या मिक्सरची खरखर काल तूही ऐकलीस. माझं लक्ष होतं. तुझी मान जराशी तिरपी झाली, मग तू पुढे निघून गेलीस.

आपण नवीन लागलो तेव्हाचा तो ऑटोवाला आठवतो? “जिल्ह्यात दारूबंदी, अन् तुमी बाया सकाळी सकाळी दारूच्या कारखान्यात चालल्या!” तू म्हणाली होतीस, “भाऊ, आमची दारू पेली तं मानूस घरी नाई, डायरेक्ट वर जाते.” सगळा ऑटो हसला होता. तेव्हा आपण खाणीच्या सुरुंगांसाठी बारूद करायचो, आणि कुणाला काही खटकलं की कुणीही मिक्सर बंद करायचं लाल बटण दाबायचं. सीमेवर लढाई पेटली, लष्कराची ऑर्डर आली, आणि बटणावर काचेची पेटी बसली. किल्ली तुझ्याकडे. साहेबांनी सांगितलं, मला विचारल्याशिवाय उघडायची नाही, चालू घाणा वाया जातो. मी खरखरीचं सांगायला गेले तर म्हणाले, “ऑर्डर निघू द्या बाई, मग उघडून पाहू. तिकडे पोरं लढून राह्यले, अन् तुमाले आवाजाचं पडलं!” लढाईचं नाव घेतलं की आपलंच तोंड आपल्याला लहान वाटायला लागतं.

लहानपणी तू आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलीस, ठसका लागला आणि तू नुसतं “पाणी!” म्हणालीस. अब्बा, अम्मी, आबिदा फुफी, सगळ्यांचे हात ताटावरच थांबले. घास तोंडाशी, पण कुणी हलेना. तू घाबरून रडायला लागलीस. मग फुफीने हसत तुला समजावलं, “बेटा, आमच्या घरी ‘पाणी दे’ म्हणायचं. नुसतं ‘पाणी’ नाई.” काऊन, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. आज मी सांगते.

आमच्या पणजोबांचे आजोबा, नूर मोहम्मद, वैनगंगेच्या काठी जंगलात बारूदीची चक्की चालवायचे. शोरा, गंधक, कोळसा, आणि दगडी चाक ओढणारे बैल. दळण कोरडं पडलं की ठिणगीची भीती, म्हणून त्यावर पाणी शिंपडत राहायचं. तिथे एकच कायदा होता. कुणीही, अगदी कोळसा वाहणाऱ्या बाईनेही, “पाणी!” म्हटलं की बैल थांबायचे, सगळ्यांचे हात थांबायचे. का म्हणून कुणी विचारायचं नाही. उगीच ओरडली म्हणून रागवायचंही नाही.

मग सत्तावनचं बंड आपल्या जंगलातही पोचलं. गोऱ्या साहेबाला तोफांसाठी रोज जास्त बारूद हवी झाली. त्याला वाटलं, ही माणसं मुद्दाम चक्की थांबवतात, बंडवाल्यांना मिळालेली आहेत. त्याने तो शब्दच बंद केला. झिंगू नावाची कोळसेवाली तरीही ओरडली, तर तिला सगळ्यांसमोर फटके मारले. दुसऱ्या दिवशी तिलाच टोपलीतल्या कोळशासोबत एक गारगोटी चाकाखाली जाताना दिसली. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली, आणि चक्की उडाली. नूर मोहम्मद नमाजाआधी नदीवर वजू करायला, हातपाय धुवायला गेले होते, म्हणून वाचले. त्यांनी झिंगूला राखेतून ओढून काढलं. ती एवढंच म्हणाली, “मले दिसलं होतं. पन बोलायची बंदी होती ना, भाऊ.” संध्याकाळच्या आत ती गेली. तिच्यासाठी आमच्या घराने तो शब्द आजवर जपला. कुणी नुसता उच्चारला की आम्ही अजून थांबतो.

मला नोकरी सोडता येईल. पण मी आले नाही तर माझ्या जागी दुसरी कुणी उभी राहील, आणि तिला ती खरखर रोजचीच वाटेल. तुझ्यावर राग नाही गं. तुझं घर या पगारावर चालतं, साहेब तुझ्यावरच ओरडणार, हेही कळतं.

उद्या पहिल्या पाळीला मिक्सर सुरू होईल. खरखर आली की मी एकच शब्द म्हणेन, मोठ्याने. बाकीच्या बायकांशी बोलून ठेवलं आहे, आमचे हात थांबतील. मिक्सर आमच्या हातांनी थांबत नाही. तू केबिनच्या काचेपलीकडे, बटणापाशी असशील, साहेब तुझ्या शेजारी असतील, आणि मला तहान लागलेली नाही हे तिथे फक्त तुला कळेल. म्हणून हे सगळं लिहिलं, सरू. किल्ली उद्या पर्समध्ये ठेवू नकोस. हातात ठेव.

तुझ्या ठसक्याने घास थांबवणारी,
तुझीच,
तहसीन