टेम्पो मी नेलाय

तात्या, भंगारवाला आला की त्याला परत पाठवा. दुधाचा टेम्पो दाऊदभाईंच्या जीपला बांधून चितेगावला त्यांच्या गॅरेजात नेलाय. काल इंजिन उघडून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, बोअर करून नवा पिस्टन टाकू, अजून लई चालंल."

तुम्ही म्हणता, जुन्यात पैसा कशाला घालायचा, नवा घेऊ अन् काकासाहेब भाऊजी चालवतील. मग मी काय करायचं, ते कुणीच बोललं नाय. ह्यांच्या माघारी शहरात दूध मीच पोचवतेय. नवा टेम्पो खुशाल घेऊन भाऊजींना द्या. हा मीच चालवणार.

भाकरी टोपल्यात हाय, गोळी जेवल्यावर घ्या. इंजिन बसलं की टेम्पो चालवतच घरी येईन, फाटक उघडं ठेवा.

थोरली सून, भागूबाई